गुरुवारचं पाणी, रविवारची वाट

पॅसेजमध्ये सायकल उभी होती, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाचा गुडघा तिला एकदा तरी भेटून गेला होता. काकूंचा डावा, मुलीचा उजवा, गॅसवाल्याचे दोन्ही. सायकल जुनी, काळी आणि म्हशीसारखी जड. पुढे रबरी भोंगा, मागे कॅरिअरवर पत्र्याची पेटी. या पेटीतून काकांनी बत्तीस वर्षं खाडीकाठच्या घराघरांत पाव पोचवले होते. म्हणून सगळं गाव त्यांना पाववाले काका म्हणे.

सात महिन्यांपूर्वी बेकरीने छोटा टेम्पो घेतला. टेम्पो मोठ्या रस्त्याने जायचा आणि मोठ्या रस्त्यानेच परत यायचा. बोळात शिरणं त्याच्या अंगात नव्हतं. काकांना बेकरीने भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि मोकळं केलं. तेव्हापासून काका खुर्चीत, सायकल पॅसेजमध्ये आणि पेटीत काकूंचे कांदे-बटाटे.

तसं पॅसेज अरुंद असण्याला दुसरंही एक कारण होतं. सायकलीच्या समोरच काकूंचं माहेरचं लोखंडी कपाट होतं. त्याचं एक दार उघडत नव्हतं आणि दुसरं लागत नव्हतं. आत काय आहे हे काकूंनाही आठवत नव्हतं. पण माहेरच्या कपाटाबद्दल बोलायचं नाही, हे काका लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकले होते आणि ते शिक्षण त्यांनी आजवर वाया जाऊ दिलं नव्हतं.

"रविवारी नऊ वाजता भंगारवाला येतोय," काकू म्हणाल्या. "पॅसेजमधली सायकल त्याला द्यायची. मी सांगून ठेवलंय."

"अगं, चालू सायकल आहे ती!"

"चालू आहे तर चालवा की. सात महिन्यांत वीतभर हलली नाही. एक तरी कामाची गोष्ट करून दाखवा तिच्यावर, मग ठेवू."

काकांनी सायकलकडे पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.

हे झालं गुरुवारी सकाळी. दुपारी जेवणं होतात न होतात तोच जावई आला. जावई तसा गुणी. एकच खोड, त्याला सायकलचं वेड लागलं होतं. त्याची सायकल एका बोटावर तोलता यायची आणि तिच्यावर बसताना तो अंगाला शिवल्यासारखे कपडे घालायचा. ते कपडे घालून तो पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा काकूंनी आतून चादर आणून दिली होती.

"बाबा, फार मोठी अडचण झालीय," तो म्हणाला. "रविवारी आमच्या क्लबने पलीकडच्या गावच्या क्लबला बोलावलंय. खाडीभोवती फेरी. आम्ही आठ, ते चौदा. त्यांच्या कॅप्टनबाईंना वाट आवडली तर दरवर्षी त्यांची मोठी फेरी आपल्याकडे होईल. आणि पाइप टाकायला मोठा रस्ता खणून ठेवलाय! मोबाइल तर मोठ्या रस्त्याशिवाय दुसरं काही दाखवतच नाही."

"मोबाइलने कधी पाव टाकलेत?" काका म्हणाले.

"तेच मी म्हटलं! माझ्या सासऱ्यांना वाट अन् वाट पाठ आहे, असं सांगितलं सगळ्यांसमोर. तर आमचे अध्यक्ष, ते दातांचे डॉक्टर हो, हसले. म्हणाले, पाववाल्याच्या भरवशावर पाहुणे बोलवायचे का? चुकलं तर तुमच्या सासऱ्यांचं नाव खराब होईल."

काका खुर्चीत ताठ बसले. "गेल्या महिन्याचं कॅलेंडर काढ गं. आणि पेन्सिल."

आता इथेच काय ते घडलं, म्हणून नीट सांगतो. काकांनी बत्तीस वर्षांत आदल्या दिवशी कधी वाट ठरवली नव्हती. रोज सकाळी ते खिडकीतून खाडीकडे बघत आणि मग हँडल वळवत. खाडीचा एक फाटा गावाच्या पलीकडे आत घुसलेला आहे, त्याच्यावर दगडांची फरशी आहे. ओहोटीला ती उघडी पडते; मग सरळ तिच्यावरून जायचं. भरतीला ती कमरेएवढ्या पाण्याखाली जाते. मग बांधावरून वळसा घालून जायचं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. डोळे खिडकीबाहेर बघत आणि हात आपोआप वळत.

गुरुवारी दुपारीही तसंच झालं. काकांनी कॅलेंडरचं पान उलटं केलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि सवयीने खिडकीबाहेर पाहिलं. ओहोटी लागली होती. चिखल उन्हात चमकत होता, होड्या कुशीवर लवंडल्या होत्या. काकांच्या हाताने फरशीची वाट काढली.

वाट झकास निघाली. प्रत्येक वळण, प्रत्येक चढ. शिवाय काकांनी जागोजागी गोल काढले आणि प्रत्येक गोलाशेजारी नाव लिहिलं: नर्सबाई, कारकून, शिंपीणबाई, बदक.

काकूंनी मागून वाकून पाहिलं. "हे गोल कसले एवढे?"

"गिऱ्हाइकं. त्याशिवाय मला रस्ता आठवायचा कसा?"

"आणि आपलं घर कुठाय?"

"आपल्या घरी मी कुठं पाव टाकायचो?"

"तेच म्हणते मी. बत्तीस वर्षं उरलेला खाल्ला," काकू म्हणाल्या आणि भांडी आवरायला निघून गेल्या.

जावयाने नकाशा छातीशी धरला. शुक्रवारी डॉक्टरांनी त्याच्या बावीस प्रती काढल्या. शनिवारी संध्याकाळी जावई मुक्कामाला आला, कारण फेरी काकांच्या घरासमोरच्या धक्क्यावरूनच सुटणार होती. त्याने आपली हलकीफुलकी सायकल पॅसेजमध्ये कपाटाला अलगद टेकवली, कौतुकाने एक पाऊल मागे सरकला आणि वळला. काकांच्या सायकलचं पेडल त्याचीच वाट बघत होतं.

रविवारी सकाळी जावयाचा गुडघा पपईएवढा झाला होता. त्याला सोफ्यावर निजवलं, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. सात वाजता धक्क्यावर शिट्टी वाजली आणि एकवीस सायकली सूं करत निघून गेल्या. बाविसावी पॅसेजमध्येच राहिली.

पावणेआठला काका चहाचा कप घेऊन खिडकीशी आले. सवयीने बाहेर पाहिलं. होड्या सरळ उभ्या होत्या. पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं आणि चौथीकडे डोळा ठेवून होतं.

काकांनी कप खिडकीतच ठेवला.

"जावईबापू, मेलो!"

"काय झालं, बाबा?"

"मी गुरुवारचं पाणी बघून रविवारची वाट काढली! भरती आहे. फरशीवर कमरेएवढं पाणी असेल. आणि वरून बघणाऱ्याला वाटतं घोट्याएवढंच आहे. उतरली माणसं की ओढ लागेल, सायकलीसकट खाडीत जातील!"

जावयाने डॉक्टरांना फोन लावला. वाजला, वाजला आणि थांबला. दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. "कुणी उचलणार नाही," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "चालवताना फोन बंद ठेवायचा, असा डॉक्टरांनीच नियम केलाय."

काका तेव्हा पॅसेजमध्ये पोचलेही होते. सात महिन्यांनी त्यांनी सायकलच्या मुठी धरल्या. टायर दाबून पाहिले, हवा होती. रोज संध्याकाळी कुणाचं लक्ष नसताना ते हवा मारत, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

काकू दारात आडव्या आल्या. "कुठं निघालात? नऊला तो माणूस येणार आहे."

"नऊच्या आत येतो."

"आणि माझे कांदे-बटाटे?"

पण सायकल पायऱ्या उतरून गेली होती.

पहिल्या बोळाच्या तोंडाशी काकांच्या अंगठ्याने आपणहून भोंगा दाबला. पों-पों! बत्तीस वर्षांची सवय. तो बोळ भोंग्याशिवाय कसा ओलांडायचा हे अंगठ्याला माहीतच नव्हतं. त्याबरोबर पाच खिडक्या उघडल्या. दोन बायका पिशव्या घेऊन धावत बाहेर आल्या. तिसरी नर्सबाई. या निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी चाल अजून वॉर्डातलीच होती.

"सात महिने कुठं होता हो? टेम्पोवाला म्हणतो मोठ्या रस्त्यावर या. माझं काय वय आहे का मोठ्या रस्त्यावर जायचं?"

"नर्सबाई, सायकलवाले गेले का इकडून?"

"ती माणसं तुमचीच ना? एकवीसच्या एकवीस माझ्या दारात! एक जण कागद दाखवून म्हणतो, इथं गोल आहे, इथं काय करायचं असतं? मी म्हटलं, बसा आणि हात पुढे करा."

"म्हणजे?"

"सगळ्यांचा रक्तदाब तपासला. चार वर्षांनी एवढे पेशंट एकदम मिळाले, सोडते की काय! तुमचे ते दातांचे डॉक्टर आहेत ना, त्यांचा तर असला वर गेलाय. त्यांना दहा मिनिटं आडवं केलं. सुटून अर्धा तास झाला असेल."

काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी गिऱ्हाइकांच्या घरांवर गोल काढले होते. पाहुण्यांना ते थांबे वाटले होते! प्रत्येक गोलाला ही मंडळी थांबणार. म्हणजे अजून गाठता येईल!

तोवर नर्सबाईंनी पेटी उघडली होती. "अहो, हे काय? कांदे?"

"घ्या, घ्या, दोन घ्या!" म्हणत काकांनी पेडल मारलं.

पुढच्या कोपऱ्यावर त्यांनी उजवीकडे वळसा घेतला, रिकाम्या मैदानाला पूर्ण फेरी मारली आणि अर्ध्यावर गेल्यावर त्यांना आठवलं की ज्या कुत्र्यासाठी आपण हा वळसा घालत होतो ते कुत्रं अठरा वर्षांपूर्वीच गेलं. पण वळसा नकाशातही उतरला होता. मातीत एकवीस सायकलींचे ताजे ठसे होते. कुठल्याही कारणाशिवाय, शिस्तीत, मैदानाभोवती.

"चला, मी एकटाच नाही," काका म्हणाले आणि त्यांना जरा बरं वाटलं.

दुसरा गोल कारकुनाचा. हे कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. ओसरीवर टेबल, टेबलावर जाड वही. भोंगा ऐकून त्यांनी चष्मा वर केला.

"या. आपली एकवीस माणसं आली आणि गेली. रीतसर नोंद केली आहे. नाव, वय, येण्याचं प्रयोजन. प्रयोजनाच्या रकान्यात सगळ्यांनी 'माहीत नाही' लिहिलंय. अध्यक्ष म्हणवणारे एक जण फार गरम झाले. मी म्हटलं, अध्यक्ष असाल तर पुरावा दाखवा."

"किती वेळ झाला जाऊन?"

"नोंद बघून सांगतो." त्यांनी बोट ओलं करून पान उलटलं. "जावक, आठ वाजून चार मिनिटं. आता तुमची आवक."

"परत येताना करतो हो!"

"परत येताना जावक होते. आवक नसेल तर जावक कुठून करणार?"

काकांनी सही केली. प्रयोजनाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'एकवीस माणसं वाचवणे'. कारकुनांनी ते वाचलं, चष्म्यावरून काकांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "दोन कांदे ठेवून जा. भाजीवाला आज आला नाही."

त्यानंतर चढ होता. बत्तीस वर्षं काका तो खाली उतरून, सायकल ढकलत चढत, कारण पेटी भरलेली असे. आज त्यांनी दात आवळले आणि बसूनच चढवला. चढावर छाती भात्यासारखी झाली, गुडघे करकरले, साखळीने दोनदा नावं ठेवली. पण वर पोचल्यावर खाली पसरलेली खाडी एका नजरेत दिसली. पाणी काठोकाठ, शांत, निष्पाप चेहऱ्याचं. फरशी कुठंच दिसत नव्हती. आणि फरशीकडे जाणाऱ्या फाटकाशी रंगीबेरंगी टोप्यांचा एक पुंजका होता.

काका उतारावर सुटले. ब्रेक लावायची त्यांना आठवण झाली नाही, आणि झाली असती तरी ब्रेकला झाली नसती.

फाटकाशी जे दृश्य होतं ते असं. एकवीस धडधाकट माणसं, डोक्यावर शिरस्त्राणं, डोळ्यांना काळे चष्मे, बांधाच्या कठड्यावर चिमण्यांसारखी ओळीने चढून बसली होती. त्यांच्या सायकली खाली अस्ताव्यस्त पडल्या होत्या. आणि सायकलींच्या मध्ये, फाटक अडवून, एक पांढरंशुभ्र बदक उभं होतं. होडीवाल्याचं बदक. मान हातभर लांब, स्वभाव हवालदाराचा. ओळखीशिवाय ते कुणालाच सोडत नसे.

"काका, पुढे येऊ नका!" कठड्यावरून एक जण ओरडला. "चावतं!"

"नकाशात इथं गोल आहे आणि 'बदक' लिहिलंय," दुसरा रडवेल्या आवाजात म्हणाला. "आम्हाला वाटलं हॉटेल असेल."

डॉक्टर कठड्याच्या टोकाला एका बाजूला रेलून बसले होते. पूर्ण टेकून बसणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांच्या तंग चड्डीचा मागचा बराचसा भाग बदकाच्या चोचीतून लोंबत होता.

"हे तुमचं काम!" ते गरजले. "आधी त्या बाईने मला आडवं पाडलं, मग त्या माणसाने पुरावा मागितला, आणि आता हे! हे बदक नसतं तर आम्ही केव्हाच पलीकडे असतो!"

"केव्हाच खाली असता," काका म्हणाले.

त्यांनी सायकल उभी केली, फाटकाशी पडलेली एक कमरेएवढी काठी उचलली आणि फरशीच्या जागी पाण्यात धरली. काठी गेली, गेली, आणि काकांच्या मुठीपर्यंत गेली. मग पाण्याने ती हिसकून घेतली आणि पाहता पाहता खाडीच्या तोंडाकडे नेली.

कठड्यावर सगळ्यांनी लोंबते पाय वर ओढून घेतले. डॉक्टरांनीही.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "मी ओहोटीची वाट काढून दिली आणि आज भरती आहे. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण पाण्यात उतरू नका. या बदकाला कुणी काही बोलू नका. आज शहाणं इथं तेवढंच होतं."

पलीकडच्या गावच्या कॅप्टनबाई कठड्यावर मध्यभागी बसल्या होत्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी काकांना आपादमस्तक पाहिलं, मग त्यांच्या सायकलला. "चढ बसून चढलात?"

"हो."

"या रणगाड्यावर?"

"हो."

कॅप्टनबाईंनी मान हलवली. "पुढची वाट आहे?"

"आहे ना! माझ्यामागून या."

काकांनी भोंगा दाबला. पों-पों! बदकाने एकदम मान वर केली. चोचीतलं कापड गळून पडलं. बत्तीस नाही, पण गेली नऊ वर्षं हा आवाज आला की पावाचा कडक टोकाचा तुकडा मिळायचा, हे ते विसरलं नव्हतं. सात महिन्यांचा राग मात्र होताच. आधी त्याने काकांच्या पोटरीला एक चिमटा काढला. काकांनी पेटीतून एक छोटा बटाटा काढून फोडून दिला. बदकाने तो नाखुशीने खाल्ला आणि सायकलीच्या मागे येऊन उभं राहिलं, जणू काही घडलंच नव्हतं.

अशी मिरवणूक बांधावरून निघाली. पुढे काका, मागे बदक, आणि बदकाच्या मागे, अदबीने अंतर राखून, एकवीस स्वार. बांध अरुंद होता. एका बाजूला चकाकतं पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवं, दलदलीचं खाजण, आणि पाण्यावरून उडालेले पांढरे पक्षी. मागे कुणीतरी "वा!" म्हटलं. मग आणखी कुणी म्हटलं. काकांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांची पाठ सरळ झाली.

बांध संपला तो एका घराच्या भिंतीला येऊन. शिंपीणबाईचं घर. बांध आधी की घर आधी, हा वाद गावात तीन पिढ्या चालू होता. पुढचं दार बांधावर उघडायचं, मागचं जुन्या रस्त्यावर. भरतीच्या दिवशी काका एका दाराने सायकल घेऊन शिरत, मशीनशेजारी पाव ठेवत आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडत. काकांना त्यात काही विशेष वाटत नसे.

शिंपीणबाई तोंडात टाचण्या धरून दारात आल्या. त्यांनी काकांना पाहिलं. बदकाला पाहिलं. रांगेकडे पाहिलं. टाचण्या काढल्या.

"एवढी पाहुणेमंडळी कुठं निघाली?"

"तुमच्या घरातून पलीकडे," काका म्हणाले.

"सगळी?"

"एकवीस आहेत. बदक बाहेर थांबेल."

शिंपीणबाईंनी क्षणभर विचार केला. "पाय पुसून," त्या म्हणाल्या. "आणि सायकली खांद्यावर. नवरीचे कपडे टांगलेत आत, कुणाचं तेल लागलं तर इथंच ठेवून घेईन."

मग एकवीस जणांनी पाय पुसले, सायकली खांद्यावर घेतल्या आणि श्वास रोखून एकामागून एक शिलाईच्या खोलीतून गेले. मशीन, इस्त्री, कापडांचे ढीग, भिंतीवर मोजपट्ट्या. खोलीतून जाताना कॅप्टनबाईंनी एका झग्याच्या शिवणीला हात लावून मान डोलावली. शेवटी डॉक्टर आले, पाठ भिंतीकडे करून, खेकड्यासारखे.

"थांबा," शिंपीणबाई म्हणाल्या. "असे गावात जाणार? वळा."

"नको, नको, चालेल."

"मला नाही चालणार. माझ्या दारातून बाहेर पडणार आहात तुम्ही. उद्या लोक म्हणतील माझी शिलाई. वळा म्हणते ना!"

डॉक्टर वळले. चार मिनिटं मशीन खडखडलं, पाचव्या मिनिटाला डॉक्टर मागच्या दाराने बाहेर पडले तेव्हा त्यांच्या मागच्या बाजूला लाल फुलांच्या कापडाचं ठसठशीत ठिगळ होतं. टाळ्या पडल्या. खुद्द डॉक्टर आधी लाजले, मग हसले, आणि एकदा हसल्यावर त्यांना थांबवता येईना.

"काका," ते डोळे पुसत म्हणाले, "माझा रक्तदाब उतरला असं त्या बाईंना सांगा."

घराला वळसा घालून बदक आधीच रस्त्यावर हजर होतं. थोडा वेळ ते पळालं, मग दमलं आणि रस्त्यातच बसलं. काकांनी त्याला उचलून पेटीवर ठेवलं. तिथून ते गावात येईपर्यंत राणीसारखं बसून आलं.

घरी नऊला भंगारवाला आला होता. काकू त्या वेळी मागे कपडे वाळत घालत होत्या. "पॅसेजमधलीच ना? घेऊन जा," त्यांनी आतूनच सांगितलं. पॅसेजमध्ये एकच सायकल होती. जावयाची. सोफ्यावरून जावई "अहो, ती नाही, ती नाही!" असं ओरडत एका पायावर उड्या मारत येईपर्यंत भंगारवाल्याने ती काट्याला लावली होती. काटा हललाच नाही. त्याने हूक तपासला, पुन्हा लावली.

"बाई, यात काही मालच नाही," तो म्हणाला आणि सायकल जागेवर नेऊन ठेवली. "खरी सायकल कुठाय?"

तेवढ्यात धक्क्याकडून आवाज आला. पों-पों!

सगळे दाराशी आले. बाहेर जे आलं ते गावाने नंतर कितीतरी दिवस सांगितलं. पुढे काळी सायकल, पेटीवर पांढरं बदक, घामाने निथळणारे काका, आणि मागे एकवीस जण, एका सुरात तोंडाने "पों-पों" करत. वाटेत भेटलेल्या नर्सबाई मागून चालत होत्या. आणि कारकून वही काखेत मारून आले होते, कारण एकवीस जणांची जावक झाली होती पण काकांची राहिली होती.

कॅप्टनबाई सायकलवरून उतरल्या. "मी पंचवीस वर्षं सायकल चालवतेय," त्या म्हणाल्या. "चांगले रस्ते खूप पाहिले. पण जिथं माझा रक्तदाब तपासला, वहीत सही घेतली, पाय पुसायला लावून घरातून जाऊ दिलं, असा रस्ता पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी आम्ही चाळीस जण येऊ. नकाशा हाच. एकही गोल खोडायचा नाही."

"आम्ही सगळं मुद्दाम तसं आखलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या ठिगळासकट?" कॅप्टनबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी पाठ पुन्हा घराच्या भिंतीकडे केली.

जावयाने गुडघा विसरून सासऱ्यांना मिठी मारली आणि लगेच गुडघा आठवून ओरडला.

भंगारवाला काटा घेऊन पुढे झाला. त्याने काळ्या सायकलीकडे पाहिलं, तिचा दांडा वाजवून पाहिला, आणि त्याचा चेहरा उजळला. "ही! हिच्यात आहे माल. बाई, हीच ना?"

काकांचा हात मुठीवर घट्ट झाला. एकवीस जणांनी काकूंकडे पाहिलं. बदकानेही पाहिलं.

काकू सायकलीजवळ आल्या. त्यांनी पेटीचं झाकण उचलून आत डोकावलं. आत एक बटाटा होता. त्यांनी झाकण मिटलं.

"हिला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "कामाची आहे ती. तुम्ही आत चला. पॅसेजमध्ये एक लोखंडी कपाट आहे, ते न्या. तेच आडवं येतं सगळ्यांना. मी तर पहिल्यापासून म्हणतेय!"

काकांनी तोंड उघडलं आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने पुन्हा मिटलं.

महिन्याभराने धक्क्यावर नकाशाचा फलक लागला. दोन वाटा, एक निळी, एक लाल. वर मोठ्या अक्षरांत काकांचीच सूचना: 'आधी पाण्याकडे बघा'. सगळे गोल जागच्या जागी होते, बदकाचासुद्धा. बेकरीवाला येऊन फलक वाचून गेला आणि दुसऱ्या दिवशी काकांकडे आला. रविवारी तरी बोळांत पाव घेऊन जाल का, असं त्याने विचारलं. लोक टेम्पोला तोंडावर बोलतात म्हणाला.

पहिल्या रविवारी काका पेटी भरून बेकरीतून निघाले आणि खाडीकडे बघून हँडल वळवणार, तेवढ्यात फलकाशी थांबले. कुणीतरी पेन्सिलीने त्याच्यावर एक गोल वाढवला होता. अगदी धक्क्यासमोर, काकांच्या घरावर, आणि बाकीच्या सगळ्या गोलांपेक्षा मोठा. शेजारी काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'पहिला थांबा'.

काकांनी घराकडे पाहिलं. काकू दारात पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"वाजवा की भोंगा," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक आहे."